वाचक विचारतात : घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला, हिंदीत बोलत होता, म्हणाला देवळाली कॅम्पमधून बोलतोय, जवानांसाठी 10 किलो चकली आणि 15 किलो बेसनाचे लाडू पाहिजेत. रेट सांगितला तर लगेच हो म्हणाला. युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मग म्हणे अॅडव्हान्स आमचे अकाउंट्सवाले टाकतात, त्यांची सिस्टीम वेगळी असते, आधी तुम्ही 1 रुपया पाठवा, 2 परत येतील. पाठवला तर खरंच 2 आले! मग क्यूआर पाठवला, 7,000 लिहिलेलं होतं, हा स्कॅन करा म्हणजे जमा होतील. तेवढ्यात आमचे मिस्टर आले आणि त्यांनी फोनच काढून घेतला. आता तो सारखे फोन करतोय, आर्मीचा अपमान केला, केस टाकतो म्हणतोय. खरंच आर्मीवाला असेल तर? मी बेसन पण भरून ठेवलंय.

उत्तर : बेसन दिवाळीला संपेल, त्याचं टेन्शन घेऊ नका. नंबर ब्लॉक करा, त्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा आणि संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे तिथे त्या नंबरची तक्रार टाका. केसबिस काही होत नसते हो, पैसे हातातून निसटले की हे लोक असेच चिडतात.

आर्मीवाल्याचं सोंग बरंच जुनं आहे. आधी हे लोक जुना सोफा, स्कूटी ऑनलाइन विकायला काढणाऱ्यांना गाठायचे, आता फराळवाल्या, डबेवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या, कुणालाही गाठतात. वर्दीच का, तर वर्दीतल्या माणसाला उलट प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं, आणि साहेब स्वतः का येत नाहीत, कॅश का देत नाहीत, सगळ्याला 'ड्यूटीवर आहे', 'कॅम्पचा नियम आहे' एवढं उत्तर पुरतं. पाठवलेलं आयकार्ड भलत्याच कुणाचं तरी असू शकतं, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

ते 2 रुपये कुठल्याही सिस्टीमने आलेले नाहीत, त्याने हाताने पाठवले, तुमचा विश्वास बसावा म्हणून. तो क्यूआर मात्र नीट बघा. रक्कम त्यात आधीच भरलेली असते आणि खाली नोटच्या जागी 'रिसीव्ह' असं काहीतरी टाइप करून ठेवतात, म्हणजे घाईत वाचणाऱ्याला वाटावं पैसे येतायत. पण यूपीआयमध्ये पैसे यायला ना काही स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो. तुमचा पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार, बाकी स्क्रीनवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असो. पूर्वी हेच लोक समोरून पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायचे, ऑक्टोबर 2025 पासून दोन माणसांमधल्या तशा रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंदच केल्या, म्हणून आता सगळा जोर क्यूआरवर.

मला तर तुमच्या पत्रात दुसरंच खटकलं. 25 किलो माल घेणारं खरं गिऱ्हाईक असं वागतं का? ते रेट कमी करा म्हणतं, तेल कुठलं वापरता विचारतं, लाडू किती दिवस टिकतील, आधी पावशेर सॅम्पल द्या, सगळं करतं. तुमच्या साहेबांनी चकली भाजणीची की तांदळाची एवढंही विचारलं नाही, सगळं बोलणं पेमेंटवर. घासाघीस करणारी बाई डोकं खाते खरी, पण तिला चकली हवी असते.

याचा एक भाऊबंद पण आहे, पुढेमागे भेटेल. 3,000 ची ऑर्डर देतो आणि '30,000 जमा' असा मेसेज येतो, मागोमाग रडवेला फोन, ताई चुकून एक शून्य जास्त पडलं, 27,000 परत टाका ना, हॉस्पिटलचे पैसे होते. तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून त्यानेच टाइप केलेला असतो. मेसेज नाही, स्क्रीनशॉट नाही, स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये बॅलन्स वाढला का तेवढंच बघायचं. आणि कुणाचे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा आणि बँकेलाही कळवायचं. तुमची रक्कम पुढच्या खात्यांत पसरायच्या आत पकडली तर तिथेच गोठवता येते, रात्रभर रडत बसून सकाळी फोन केला तर अवघड.

प्रश्न : एक मुलगा पाणी तपासायला आलोय म्हणून घरात आला. नळाच्या पाण्यात वायरवालं यंत्र घातलं तर पाणी तपकिरी झालं, गाळ वर आला. त्याच्या फिल्टरचं पाणी स्वच्छ राहिलं. सासूबाई घाबरल्या आणि 2,000 टोकन दिलं. आमचं पाणी एवढं घाण आहे? (पुणे)

उत्तर : घाण त्या यंत्राची आहे. त्यात एक कांडी लोखंडाची असते आणि एक अॅल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी झिजते आणि तो गाळ म्हणजे गंज. आरओच्या, म्हणजे त्याच्या फिल्टरच्या, पाण्यात क्षार नावापुरते, वीजच वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुन्हा आला तर त्याच्याच स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र परत लावायला सांगा, तेही तपकिरी होईल, चेहरा बघण्यासारखा असतो. क्षारांची मर्यादा भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, खडकवासल्याचं पाणी त्याच्या खूप खाली असतं. टँकर किंवा बोअरचं असेल तर गोष्ट वेगळी, लॅबमधून तपासून घ्या. टोकन रद्द करतोय असं लेखी कळवा, दाद दिली नाही तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

प्रश्न : मॉलमध्ये कूपन भरलं, 'तुम्ही जिंकलात, जोडीने गिफ्ट घ्यायला या' म्हणून हॉटेलात बोलावलं. तीन तास बसवलं. दर थोड्या वेळाने घंटा वाजायची, टाळ्या, अमुक कपलने हॉलिडे मेंबरशिप घेतली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं म्हणालं आम्ही मागच्या वर्षी घेतली, तीनदा गोवा झालं. आम्ही कार्डावर 95,000 भरले. आता कधीही फोन करा, रूम नाही. परवा भाऊ अशाच कार्यक्रमाला गेला तर तिथे तेच जोडपं, त्याने फोटो पाठवला! (ठाणे)

उत्तर : पेरलेलं जोडपं, दुसरं काय. बाजारात अशा माणसाला पंटर म्हणतात, जत्रेतल्या तीन पत्त्याच्या खेळात पहिला डाव जिंकणारा असतो ना, तोच हा. फोटो जपून ठेवा पण केस त्याच्यावर उभी करू नका, ते म्हणतील आमचे उत्साही मेंबर आहेत. केस उभी राहते कागदावर. म्हणून फोनवर भांडणं बंद, आता प्रत्येक बुकिंग ईमेलने मागा आणि प्रत्येक नकार ईमेलवर येऊ द्या. सेल्सवाल्याने व्हॉट्सअॅपवर काही कबूल केलं असेल, 'कधीही रद्द करा' वगैरे, ते शोधा, तोंडी बोललेलं सिद्ध करताना नाकी नऊ येतात. कार्डाचा हप्ता मात्र रागाने थांबवू नका, व्याज तुमच्याच डोक्यावर बसेल.

मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. करारात लवादाचं, म्हणजे वाद पंचाकडेच न्यायचा असं, कलम दाखवून घाबरवतील, त्याने आयोगाचा रस्ता बंद होत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि 'पुढच्या सीझनला नक्की देतो सर' हे ते ऐकवतात ते ही दोन वर्षं निघून जावीत म्हणूनच, त्यामुळे पहिली नोटीस याच महिन्यात स्पीड पोस्टाने जाऊ दे.