शंभर पानांनंतर कादंबरी अडली आहे, सोडून द्यावी का?

सोडू नका. तुम्ही लिहिलंय की पहिली शंभर पानं झपाट्यानं झाली आणि आता महिनाभर एक ओळ पुढे सरकत नाही. शंभर पानांपर्यंत नवलाई पुरते. पुढे त्या माणसांना काहीतरी करावं लागतं, आणि बहुतेक कादंबऱ्या तिथेच अडतात.

माझी कादंबरी मुंबईच्या गिरणगावातली, १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाची. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, इथवर लिखाण पळत होतं. मग सभा, मोर्चे, वाटाघाटी. घटना एवढ्या मोठ्या की माझा साचाखात्यातला, म्हणजे मागावर काम करणारा नायक नुसता उभा राहून बघत होता. मी जुनी वर्तमानपत्रं चाळत राहिले. टिपणं वाढली, पानं वाढेनात. तो काळ फार वाईट गेला. घरात कुणी "कुठवर आलं?" विचारलं तरी रडू यायचं.

वाट सापडली ती एका दुय्यम बाईमुळे. नायक जिच्याकडे जेवायचा ती खानावळवाली. तिचे मेंबर पगार झाला की पैसे देणारे. पगार थांबले, भूक थोडीच थांबते? ती उधारीवर किती दिवस वाढणार? वाणी तिला किती दिवस धान्य देणार? कुणाचं ताट आधी बंद करणार? जो गावी निघून गेला त्याची बाकी कुणाकडे मागणार? हे प्रश्न पडले आणि मी पुन्हा रोज लिहायला बसू लागले. संप आता तिच्या उधारीच्या वहीतून दिसायला लागला. नायकाची बरीच पानं काढावी लागली. त्यातली काही मला अजून आवडतात.

म्हणून सांगते, आराखडा पुन्हा पुन्हा काढू नका, पहिलं प्रकरण घासत बसू नका. तुमच्या शंभर पानांत असं कोण आहे, ज्याला उद्या सकाळी काहीतरी ठरवावंच लागणार आहे? त्याच्यापासून लिहा, मग ते पात्र कितीही किरकोळ असो.

महिन्याभराचं मनाला लावून घेऊ नका. भालचंद्र नेमाड्यांची 'झूल' ही कादंबरी १९७९ ची, आणि त्यानंतरची 'हिंदू' आली थेट २०१० मध्ये.

या दिवसांत दुसरी, अधिक चांगली वाटणारी कादंबरी सुचेल. ती चार ओळींत टिपून ठेवा आणि हीच लिहीत राहा.