बांधकामाच्या वेगळ्या साहित्यात काम करून आर्किटेक्ट आणि शिक्षक म्हणून पोट भरता येतं का?

येतं. मी जळगावात घरांची डिझाइन करते आणि आर्किटेक्चर शिकवते. दोन्हीकडे माती, चुना, केळीचा धागा हेच माझं काम. तुम्ही धुळ्याला चौथ्या वर्षाला आहात आणि विचारताय की हे फक्त परदेशातल्या मोठ्या नावांनाच परवडतं का.

मोठं नाव घ्यायचं तर जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान. त्यांनी १९८६ मध्ये एका प्रदर्शनाच्या मांडणीत पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या. १९९५ च्या जपानमधल्या कोबे भूकंपानंतर त्याच नळ्यांची घरं उभी केली, पायाला वाळू भरलेले बिअरचे क्रेट. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये असे क्रेट मिळेनात, तेव्हा पडलेल्या घरांचा मलबा पायात घातला आणि जमीन मातीची केली. सोबत विद्यापीठात शिकवलं. प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं पारितोषिक, मिळालं २०१४ ला. नाव पुठ्ठ्याचं झालं, पण मला त्या मलब्याचंच जास्त कौतुक आहे.

आपल्याकडे तर जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर आहे! डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आणि वास्तुविशारद म्हात्रे यांनी बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या साहित्यातून ती नगरी उभारली. माझा पहिला तास याच्यावरच असतो.

दुसरा तास धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर. साक्रीकडे एखादं जुनं धाब्याचं घर गाठा आणि वर चढा. लाकडी सरांवर, म्हणजे मोठ्या तुळयांवर, कड्या (बारीक वासे), त्यावर काटक्या, पाला आणि मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी, म्हणजे खारवट पांढरी माती, टाकतात. काळी माती का नाही? ती वाळली की भेगाळते. खारी ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, आणि तिच्यात गवतही सहसा धरत नाही. वॉटरप्रूफिंग मी इथूनच शिकवायला घेते.

रावेर-यावल पट्ट्यात घड कापला की केळीचं खोड उरतं. त्याचा धागा मातीच्या गिलाव्यात कालवला तर वाळतानाच्या भेगा कमी होतात. सिमेंटमध्ये मात्र तो टिकत नाही, तिथला अल्कली त्याला हळूहळू खातो.

आता पैशाचं. सुरुवातीला अख्खं घर कुणी देत नाही. शेतातली खोली, कंपाउंड, जुन्या वाड्याची दुरुस्ती मिळते. मालकाला धास्ती असते वाळवीची आणि ओलीची. म्हणून मी त्याच्याच जागेवर कमरेएवढी भिंत बांधून एक पावसाळा उघडी सोडते, बोलणी त्यानंतर. मालक बँकेचं कर्ज काढून बांधत असेल तर सांगाडा आरसीसीचा आणि भिंती मातीच्या, हा मार्ग मी बिनदिक्कत घेते. शिकवण्याचा पगार दरमहा येतो, त्यामुळे न पटणारं काम नाकारता येतं. तेव्हा शिकवता यावं म्हणून एम.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी, कराच.

सुट्टीत पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटांचं प्रशिक्षण घ्या. थीसिसला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घ्या. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड केलेत. खानदेशच्या उन्हाळ्यात छताखाली ते कसे वागतात, हे तुम्ही मोजून दाखवा.