शिकागोत राहायला येताय? मग दारासमोरचा बर्फ तुम्हीच काढायचा

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरात पुण्याहून शिकागोला येतोय, पहिलं वर्ष भाड्याने राहून मग घर घेण्याचा विचार आहे. घरासमोरच्या सार्वजनिक फुटपाथवरचा बर्फ म्हणे आपणच काढायचा असतो आणि नाही काढला तर दंड होतो. हे खरं का? आणि नेमकं करायचं काय?

खरं आहे. रस्त्यावरून महापालिकेचे प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला लोटणाऱ्या गाड्या, फिरतात, पण घरालगतचा साइडवॉक, म्हणजे फुटपाथ, त्या घराच्या माथी असतो. शिकागोचा नियम घड्याळाला बांधलेला आहे. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत काढायचा आणि संध्याकाळी ७ नंतर रात्रभरात पडलेला सकाळी १० पर्यंत. किमान ५ फूट रुंद वाट पूर्ण मोकळी हवी. कोपऱ्यावर घर असेल तर रस्ता ओलांडायचा उतार, म्हणजे रॅम्प, तोही त्यात आला. दंड दिवसाला ५० ते ५०० डॉलर. शनिवार-रविवारची सवलत नाही, आणि 'दोनच इंच तर पडलाय' हे कारणही चालत नाही.

हे आकडे फक्त शिकागोचे. नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेलात तर तिथले नियम नव्याने वाचा. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून ३ तास मिळतात (रात्री पडला तर सूर्योदयापासून ३ तास) आणि वाट ४२ इंचांची चालते. न्यूयॉर्कमध्ये दिवसा थांबलेल्या बर्फासाठी ४ तास. मिनियापोलिसमध्ये स्वतंत्र घरांना २४ तास, पण तिथे साइडवॉकची पूर्ण रुंदी साफ करावी लागते. उपनगरांचे नियम तर गावागणिक बदलतात, तेव्हा तुमचा पत्ता ज्या गावात मोडतो त्या गावाचा नियम बघा.

भाडेकरू आहात म्हणून सुटलात असं समजू नका. शिकागोच्या नियमात मालकाबरोबर भाडेकरू आणि तिथे राहणारी व्यक्तीही येते. लीजवर सही करण्याआधी बर्फ कोण काढणार, मीठ आणि शॉव्हल, म्हणजे बर्फाचं फावडं, कोण पुरवणार, हे त्यात लिहून घ्या. मोठ्या इमारतीत किंवा कॉन्डोत हे काम बहुधा व्यवस्थापन करतं. टू-फ्लॅटमध्ये, म्हणजे दोन बिऱ्हाडांच्या घरात, वरचा म्हणतो खालचा काढेल आणि खालचा म्हणतो वरचा, म्हणून तिथे ठरवून घेणं सगळ्यात गरजेचं.

आता प्रत्यक्ष काम. शिकागोचा नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद असतो. २५ फूट लांब, ५ फूट रुंद पट्ट्यावर ६ इंच बर्फ म्हणजे साधारण पावणेदोन घनमीटर. कोरडा, पिठासारखा भुसभुशीत बर्फ असेल तर त्याचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. मार्चमधला ओला बर्फ तेवढाच पडला तर तेच पाचशे किलोंच्या वर जातं. म्हणून मोठी बर्फवृष्टी थांबायची वाट बघत बसू नका. दर ३-४ इंचांनंतर एकदा ढकलून घ्या. दोन फेऱ्या जास्त होतील, पण पाठ वाचेल.

पायाखाली तुडवला जाण्याआधी बर्फ काढणं, या एका गोष्टीवर बाकी सगळं अवलंबून आहे. ताजा बर्फ काँक्रीटला चिकटलेला नसतो. दहा माणसं त्यावरून चालून गेली की दाबलेल्या पावलांचा थर बसतो, रात्री तो गोठतो आणि सकाळी शॉव्हल त्यावरून नुसतं घसरतं. मग लांब दांड्याच्या पोलादी आइस स्क्रॅपरने खरवडत बसावं लागतं. शाळा सुटण्याच्या आणि लोक कामाला निघण्याच्या आधी एक फेरी मारली तर हे टळतं.

दोन शॉव्हल घ्या. ढकलायला रुंद, वाकड्या पात्याचं आणि उचलायला लहान. उचलायचं शॉव्हल १८ इंचांपेक्षा रुंद नको, कारण ओल्या बर्फाने भरलं की ते उचलवत नाही. शक्यतो उचलण्याऐवजी ढकलाच. उचलावं लागलंच तर गुडघ्यात वाका आणि कंबर पिळून खांद्यावरून मागे फेकू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हा अचानक जोर, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांसाठी हे काम खरोखर धोक्याचं आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या हाती हौसेनेसुद्धा शॉव्हल देऊ नका.

काढलेला बर्फ रस्त्यावर, गल्लीत किंवा सायकल लेनमध्ये लोटायला मनाई आहे. साइडवॉक आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला इथे पार्कवे म्हणतात, त्यावर टाका. साइडवॉकचा उतार सहसा रस्त्याच्या बाजूला असतो. ढीग वरच्या, म्हणजे घराच्या, बाजूला घातला तर दुपारी वितळलेलं पाणी वाटेवरून वाहतं आणि रात्री तिथेच काचेसारखा थर धरतो. समोर फायर हायड्रंट, म्हणजे अग्निशमन दलाचा पाण्याचा नळ, असेल तर त्याभोवती तीन फूट मोकळं ठेवा.

मिठाबद्दल नवीन आलेल्यांची हमखास चूक होते: बर्फ न काढताच त्यावर मूठमूठ मीठ फेकलं जातं. मीठ हे शॉव्हलनंतरचं काम. खाली उरलेल्या पातळ थराची काँक्रीटवरची पकड सोडवणं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे. कॉफीचा एक मोठा मग, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम, साइडवॉकच्या काँक्रीटच्या दहा चौकोनांना पुरतो. तुमच्या २५ फुटांत पाच चौकोन येतात, तेव्हा अर्धा मग बास. खडे एकमेकांपासून साधारण तीन इंचांवर पडायला हवेत. ढीग दिसला तर ते वाया गेलेलं मीठ आहे. ते पाण्याबरोबर नद्या-तळ्यांत जातं आणि तिथून निघत नाही. वाट सुकल्यावर उरलेले खडे झाडून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

साधं रॉक सॉल्ट उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ काम करत नाही आणि जानेवारीच्या रात्री पारा सहज त्याखाली जातो. मिठाला 'फील्स लाइक'चा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, आकडा कळत नाही, खरं तापमान बघा. कडाक्यात कॅल्शियम क्लोराइड वापरा, किंवा सरळ वाळू पसरा. वाळू वितळवत नाही, पण पाय धरून ठेवते. ओतून वर्षही न झालेल्या काँक्रीटवर मीठ टाकू नका, पापुद्रे सुटतात.

'बर्फ काढलाच नाही तर जबाबदारी नाही, काढला आणि कोणी पडलं तर खटला' असंही कानावर येईल. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, हे उलट आहे. १९७९ च्या राज्य कायद्याने घरासमोरचा साइडवॉक साफ करणाऱ्या रहिवाशाला संरक्षण दिलं आहे. मुद्दाम किंवा बेफिकिरीने काही केलं असेल तरच ते जातं. पण २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इमारतीच्या सदोष बांधणीमुळे किंवा देखभालीअभावी बर्फ साचला तर हे संरक्षण लागू नाही. म्हणून घर बघताना पन्हाळीचा पाइप कुठे सुटतो ते बघाच. तो साइडवॉकवर पाणी सोडत असेल तर दर हिवाळ्यात तिथेच बर्फाची लादी तयार होईल. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१० पासून नैसर्गिकरीत्या साचलेल्या बर्फाचीही जबाबदारी मालकावर येऊ शकते, तेव्हा इलिनॉयचा दिलासा सोबत नेता येत नाही.

कोपऱ्याचं घर आवडलं तर आधी फूट मोजा. प्लॉट २५ बाय १२५ चा असतो, म्हणजे २५ फुटांऐवजी दीडशे फूट साइडवॉक, सहापट काम. तिथे स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र, लागेलच. त्याच्या नळीत बर्फ अडकला तर इंजिन बंद करून काठीने काढा. हात कधीही घालू नका, कारण बंद मशिनच्या पात्यांतही ताण उरलेला असतो आणि अडथळा निघताच ती फिरतात. शिवाय प्लाऊ गेला की कोपऱ्यावरच्या रॅम्पसमोर घट्ट बर्फाचा बांध उभा राहतो. तो पुन्हा फोडावा लागतो, नाहीतर व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन आलेला माणूस तुमची स्वच्छ वाट पार करून तिथे अडकतो.

आणि डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणार असाल तर नियम तुमच्यासाठी थांबत नाही. शेजाऱ्याशी बोला किंवा कंत्राट द्या. कंत्राटात साइडवॉक, रॅम्प, मीठ आणि सकाळी १० ची वेळ हे सगळं लिहिलेलं हवं. पुष्कळ कंत्राटदार दोन इंच पडल्याशिवाय येत नाहीत. शहराच्या नियमात अशी किमान मर्यादा नसल्याने ती अट आधीच बदलून घ्या.