मरळीचे चित्र आणि आईची काळजी

मुले चित्रांत सारखी एकच, उदास वाटणारी आकृती काढू लागली की तो मानसिक आजार समजावा का, हा प्रश्न आमच्या ग्रामीण रुग्णालयातील मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सल्ला केंद्रात, पालक वरचेवर विचारतात. अशा वेळी मला भंडारा जिल्ह्यातील मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या एका कुटुंबातील अठरा वर्षांची मुलगी आठवते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडत आहे.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे पाणी टप्प्याटप्प्याने अडवले गेले तशी काठची गावे उठत गेली. या मुलीचे गाव तिच्या लहानपणीच बुडिताखाली गेले आणि कुटुंब नव्या गावठाणात आले. वडील अजूनही मासेमारी करतात. आई धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मजुरीला जाते आणि एरवी बाजारात मासोळ्या विकते. मुलीच्या वहीत पानोपानी एकच चित्र होते, भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर पडलेली मासोळी. ओळखीच्या एका शिक्षकांनी ते पाहून, मुलगी मनाने खचली असून स्वतःला मरणपंथाला लागलेली समजते, असे आईला सांगितले होते, आणि तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी वही बाजूला ठेवली आणि आधी मुलीची झोप, भूक, कॉलेजातील हजेरी, मैत्रिणींशी बोलणे यांची चौकशी केली. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. तसे विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, ही समजूत खरी नाही. काळजीचे काहीच आढळले नाही. एवढेच कळले की कॉलेजात कोणी गाव विचारले की ती पवनी हे तालुक्याचे गाव सांगते, कारण बुडालेल्या गावाचे नाव घेतले तर ते कोणाला माहीत नसते आणि नव्या गावठाणाचे घेतले तर पुढचा प्रश्न सरकारकडून मिळालेल्या मोबदल्याचा असतो.

मग आम्ही चित्राकडे वळलो. ही मासोळी बोलू लागली तर काय म्हणेल, असे विचारताच ती म्हणाली, “मॅडम, ही मरत नाही आहे. ही मरळ आहे.” मरळ हवेतूनही श्वास घेते, तलाव आटला तरी चिखलात तग धरते आणि ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरकूही शकते, हे तिला आजोबांनी शिकवले होते. उलट, पाण्याच्या वर येऊन हवा घेता आली नाही तर ती पाण्यातच गुदमरते. शिक्षकांनी जिला मरणाचे चिन्ह मानले, ती त्या मुलीने नेमकी जगण्याच्या चिवटपणासाठी निवडली होती.

चिन्हांवरून मन वाचण्याचा मोह जुना आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरेन मॅकोव्हर यांनी १९४९ मध्ये माणसाच्या चित्रातील अवयवांवरून स्वभाव ओळखण्याची पद्धत मांडली. पुढील संशोधनात एकेका खुणेचा असा ठरीव अर्थ लावणे टिकले नाही. तरीही काळा रंग म्हणजे नैराश्य, अशी कोष्टके मोबाईलवर फिरत असतात आणि शिकलेली माणसेही त्यांवर विश्वास ठेवतात, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या भेटीत मी तिला फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचे १९३९ मधील ‘दोन फ्रिडा’ हे चित्र दाखवले. त्यात एक फ्रिडा युरोपीय धाटणीच्या पांढऱ्या पोशाखात आणि दुसरी मेक्सिकोतील तेहुआना पोशाखात शेजारी बसलेली असून दोघींची हृदये एका रक्तवाहिनीने जोडलेली आहेत. मुलीला ते आवडले नाही. एवढे रक्त कशाला, असे ती म्हणाली. मात्र एकाच माणसाने स्वतःला दोनदा काढले तरी चालते, ही गोष्ट तिला पटली असावी. त्यानंतर तिने मरळीच्या अंगावर खवल्यांऐवजी वडिलांच्या जाळ्याच्या घरांची नक्षी भरली. जे जाळे मासोळीला पकडते तेच तिच्या अंगावर कसे, असे मी विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की माझी फी त्याच जाळ्यातून भरली जाते.

पालकांनी ‘असे का काढलेस’ असे न विचारता ‘यात काय चालले आहे, सांग’ असे म्हणावे आणि मुले बोलतील तेवढेच ऐकून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडली, माणसे नकोशी झाली, तर चित्र कितीही हसरे असले तरी तपासणी करून घ्यावी. मरणाची भाषा सुरू झाली तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते.

शेवटच्या भेटीत आईने ते नवे चित्र हातात घेऊन नीट निरखले आणि पाठीवरचा पर चुकला असल्याचे सांगितले. मरळीचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळ जातो, हिने तो मधेच तोडला होता. मुलीने माझ्याकडून खोडरबर मागून घेतले.