बोटीवरचे जेवण आणि गोदावरीची घळ

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला येत्या डिसेंबरमध्ये पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. जर्मनीतील ऱ्हाईन नदीवर बोटीत बसून, दोन्ही काठांचे डोंगर पाहत निवांत जेवणारी माणसे बाबांनी मोबाइलवर पाहिली आणि तेव्हापासून त्यांनी तोच ध्यास घेतला आहे. परदेशवारी आम्हाला झेपणारी नाही. नागपूरहून जाता येईल असे काही आपल्याकडे आहे का? आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना मधुमेह आहे.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : ऱ्हाईनची ख्याती तिथल्या ताटामुळे झालेली नाही. बिंगेन ते कोब्लेंझ या सुमारे ६५ किलोमीटरच्या पट्ट्यात ती नदी डोंगर कापत जाते, आणि युनेस्कोने २००२ साली जागतिक वारसा यादीत घेतला तो हाच पट्टा. तेव्हा आपण शोधायची ती डोंगरांतून वाहणारी आणि मोठी बोट चालेल इतकी खोल नदी. रामटेकजवळच्या खिंडसीला नौकाविहार होतो, पण तो तलाव आहे. तिथे घळ नाही आणि पंगतही नाही.

माझे मत विचाराल तर बाबांना आंध्रातील पापीकोंडलूला न्यावे. तेथे गोदावरी पूर्व घाटाच्या दोन रांगांमधून वाट काढते आणि पात्र इतके आवळत जाते की पुढे पाणी संपले असे वाटावे, तोच वळण येते. केसांतल्या भांगाला तेलुगूत ‘पापिडी’ म्हणतात. डोंगरांच्या नावाची उकल त्यावरूनच सांगितली जाते. नागपूरकरांना या नदीचे आणखी एक नाते आहे. आपली नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. अंबाझरीवरून निघालेले पाणी (कोणत्या अवस्थेत, ते विचारू नये) शेवटी याच घळीतून समुद्राकडे जाते.

जाण्याच्या वाटा दोन आहेत. विजयवाड्यावरून राजमहेंद्रीला रेल्वेने जावे, तेथून सकाळी लवकर सहल-कंपनीची बस गंडी पोचम्मा मंदिराजवळच्या धक्क्यावर नेते. किंवा खम्ममला उतरून रस्त्याने भद्राचलम गाठावे, रामाचे दर्शन घ्यावे आणि पोचवरमहून बोटीत बसावे. आईचे गुडघे लक्षात घेता पहिली वाट बरी, कारण तिच्यात रस्त्याचा प्रवास कमी आहे. तरी धक्क्यावरचा उतार आणि बोटीवर टाकलेली अरुंद फळी चुकत नाही. तिथे आईंचा हात धरायला एक माणूस मोकळा ठेवावा. पेरंटापल्लीला बोट थांबते तेव्हा वर शिवमंदिरापर्यंत चढ आहे. आईंनी तो सोडून काठावर बसले तरी चालेल, नदी तिथूनही दिसते.

डिसेंबर हा महिना उत्तम आहे. पावसाळ्यात पुरामुळे बोटी बंद असतात, आणि तो नियम कोणालाही जाचक वाटू नये. १५ सप्टेंबर २०१९ रोजी, गोदावरीला पूर असताना, कचुलुरूजवळ प्रवासी बोट उलटून चाळीसहून अधिक माणसे बुडाली. जीवरक्षक जाकीट दिले जाते. पण उकडते म्हणून ते मांडीवर ठेवणारे बरेच असतात, आपण ते अंगात घालून पट्टे आवळावेत. फोटोसाठी सारे एकाच बाजूच्या कठड्याला धावले की बोटीचा तोल जातो, आणि गर्दी वरच्या मजल्यावर असेल तर आणखी लवकर जातो. म्हणून खालच्या मजल्यावर, कडेची खुर्ची धरावी. गाणी लावणारा भोंगा कुठे टांगला आहे ते आधी पाहावे, नाहीतर बाबांच्या मनातली शांतता दिवसभर तेलुगू चित्रपटगीतांत बुडेल.

आता जेवणाचे. ते तिकिटातच असते, आंध्र पद्धतीचे आणि शाकाहारी : भात, पप्पू म्हणजे घट्ट वरण, पुलिहोरा हा चिंचेचा भात, सांबार, लोणचे, दही. पोळी मिळेलच असे धरून चालू नये. त्यामुळे बाबांच्या ताटात बहुतेक सगळा भातच येईल. घरून चार पोळ्या आणि कोरडी भाजी बांधून न्यावी, त्यात संकोच कसला? पानही बोटीच्या वेळेने वाढले जाते, कधी एक वाजता, कधी दोननंतर. तेवढ्यासाठी मूठभर फुटाणे खिशात असू द्यावेत आणि गोळ्या किंवा इन्शुलिन कसे घ्यायचे ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

राजमहेंद्रीला परतेपर्यंत संध्याकाळ उलटते, म्हणून नागपूरच्या गाडीचे आरक्षण दुसऱ्या दिवसाचे करावे.