जाळ्यात कमी, म्हणजे पाण्यात कमी का?

प्रश्न : सर, आमची मच्छीमार संस्था अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळच्या) तलावातली मच्छी दोन-तीन सालांपासून कमी निघून राहिली. सचिव म्हणतात, तलावच बाद झाला. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं, युरोपात चपटे मासे कमी निघतात, पण समुद्रात वाढले. हे कसं?
– एक सभासद

उत्तर : भाऊ, उत्तर समुद्रातला प्लेस घ्या. कोकणात लेपटी मिळते, तसाच चपटा. अंगावर नारिंगी ठिपके. पिल्लू असताना इतर माशांसारखाच उभा पोहतो. मग डावा डोळा सरकत उजवीकडे येतो आणि गडी डाव्या कुशीवर तळाला पडून राहतो. म्हणून त्याला तळ खरवडणारं, जड साखळ्यांचं जाळं लागतं.

1989-90 च्या सुमारास तिथं वर्षाला दीड लाख टनांहून जास्त प्लेस निघे. पुढं निम्म्याहून खाली आला, आणि तेव्हा मासा खरंच घटला होता. भानगड सोल या दुसऱ्या चपट्या माशाची. सोल महाग आणि सडपातळ, त्याला 80 मिलिमीटर आसाचं (भोकाचं) जाळं. 24 सेंटिमीटरचा सोल विकता येतो, प्लेस मात्र 27 चा हवा. त्याच जाळ्यात आखूड प्लेस ढिगानं येई आणि बहुतेक मेलेलाच परत फेकला जाई. बंदरातल्या वहीत त्याची नोंद कुठून असणार!

पिल्लं वाचावीत म्हणून 1989 मध्ये डच, जर्मन, डॅनिश किनाऱ्यालगत मोठ्या बोटींना अटकाव केला. त्यानं फार साधलं असं मला वाटत नाही. पिल्लंच खोल पाण्याकडे सरकली. बोटी कमी झाल्या, 2007 पासून कोटा, म्हणजे वर्षाला किती मासा धरायचा ती मर्यादा, नियमानं ठरू लागला, तेव्हा प्लेस कितीतरी पटीनं वाढला.

तरी अलीकडे कोटाही पुरता उचलला जात नाही. विजेच्या झटक्याचं जाळं युरोपीय संघानं 2021 मध्ये बंद केलं, 2022 मध्ये डिझेल भडकलं, पुष्कळ डच मालकांनी सरकारी पैसे घेऊन बोटी भंगारात काढल्या. त्यात प्लेसला भाव बेताचा. बोटच नाही निघाली, तं मासा काय चालत टोपल्यात येणार?

तुमच्या वहीत नुसते किलो असतील. शेजारी लिहा: किती जाळी पडली, किती वेळ, कोणत्या आसाची, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती सोडली. ढिवरांची पोरं नागपूर-पुण्याला कामाला गेली असतील, तर जाळीच कमी पडत असतील. हंगामभराची वही पाठवा, मग सचिवांशी बोलू.