चर्चमध्ये दर आठवड्याला बायबल शिकायची गरज काय? रविवारचा उपदेश पुरत नाही का?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर बायकोसोबत चर्चला जायला लागलात, गाणी आवडतात, प्रार्थनेत बरं वाटतं. पण बुधवारच्या बायबल अभ्यासाला बसलं की परत शाळेत घातल्यासारखं होतं. श्रद्धा असली की झालं, हा अभ्यास कशाला, असा तुमचा प्रश्न.

मी सिंधुदुर्गातल्या एका बंदराच्या गावात राहतो. आठवडाभर बर्फाच्या कारखान्याचे हिशेब लिहितो आणि रविवारी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला बायबलचा वर्ग घेतो. याला आता २३ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत अभ्यासाने जास्त कान कुणाचे उपटले असतील तर माझे स्वतःचेच. तोच प्रसंग सांगतो.

आमच्या मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) एक खलाशी होता, दारू पिणारा. रविवारी कधी यायचा, कधी नाही. त्याचं नाव मंडळीच्या यादीतून कमी करावं असं कमिटीत काहींचं म्हणणं होतं आणि त्यात मी पुढे होतो. त्या बुधवारी अभ्यास एका घराच्या पडवीत होता, वाचन माझ्याकडे. मी मुद्दाम मत्तय या पुस्तकाच्या १३व्या अध्यायातला जाळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा काढली: समुद्रात टाकलेलं जाळं, सगळ्या तऱ्हेचे मासे त्यात येतात, भरल्यावर लोक ते किनाऱ्यावर ओढतात आणि बसून चांगले ते भांड्यात ठेवतात, वाईट ते फेकून देतात. मी म्हटलं, बघा, निवड करावीच लागते.

लाईट गेलेली. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च पुस्तकावर धरला होता. कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. ४० वर्षं मासळी विकली, अक्षरओळख जेमतेम. त्या म्हणाल्या, "रापणीत (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यात) काय निवडून मासो येता रे? बांगडो येता, तारली येता, केंड येता, समुद्रातलो कचरो येता. रापण म्हणता काय, तू नको म्हणान?"

मी म्हटलं, पण मावशी, नंतर निवडतातच ना.

"फुडचा वाच."

मी ४९वं वचन वाचलं. युगाच्या समाप्तीला देवदूत येतील आणि नीतिमानांतून दुष्टांना वेगळं करतील.

"मगे निवडणारो कोण?"

"देवदूत."

"आणि तू कोण?"

पडवीत हसू फुटलं. तो ठराव पुढे कमिटीत आलाच नाही. (मंडळीला शिस्त नकोच, असं मी म्हणत नाही. त्यासाठी मत्तय १८ आहे, आणि तिथेही सुरुवात एकट्याने एकट्याला जाऊन सांगण्यापासून होते. मी चुकीचा दाखला हाताशी धरला होता, एवढंच.)

घरी येऊन मी जरा खोलात शिरलो. मूळ ग्रीकमध्ये जाळ्यांना वेगवेगळे शब्द आहेत. येशूचे शिष्य पेत्र आणि अंद्रिया समुद्रात टाकत होते ते हाताने फेकायचं गोल जाळं, म्हणजे आपला पाग. या दाखल्यातलं जाळं मात्र लांबलचक, किनाऱ्यावर ओढून आणायचं. म्हणजे मावशी शब्दशः बरोबर होत्या, ती रापणच! आणि 'वाईट' मासे म्हणजे नासलेलेच असतील असंही नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायाप्रमाणे ज्याला पर आणि खवले नाहीत तो मासा यहुद्यांना वर्ज्य. त्या हिशेबाने आपली मोरी, कुर्ल्या, कोळंबी सगळं फेकण्यातच जातं. हे पुढच्या बुधवारी सांगितलं तेव्हा अर्धा तास कुणी घरी जायचं नाव काढेना.

रविवारच्या उपदेशात हे घडलं असतं का? नसतं. मी पुलपिटावरून तोच दाखला तसाच सांगितला असता, मावशींनी मान डोलावली असती आणि त्या खलाशाचं नाव गेलं असतं. उपदेश ऐकायचा असतो, मध्ये हात वर करून "फुडचा वाच" म्हणता येत नाही. अभ्यासात पुस्तक सगळ्यांच्या मांडीवर उघडं असतं. शिकवणाऱ्याला धाक राहतो तो त्यामुळे. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १७व्या अध्यायात बिरुया गावचे लोक आहेत. प्रेषित पौलाने सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्र उघडून तपासत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती केलेली आहे. पौलालासुद्धा तपासून घेतलं जात होतं, तर आम्ही कोण!

दुसरं उदाहरण कटू आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका वक्त्याने प्रार्थनासभेत सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं' असं बायबलमधल्या यशया पुस्तकात लिहिलंय. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी डायबिटीसच्या गोळ्या सोडल्या. दहाव्या दिवशी त्यांना बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाचल्या. त्यानंतर महिनाभर आम्ही दुसरं काही वाचलंच नाही. पौल आपला सहकारी तीमथ्य याला पत्रात लिहितो, तुझ्या पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. दुसऱ्या पत्रात सांगतो, सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. लूकला तर 'प्रिय वैद्य' म्हटलंय. ही वचनं आधीपासून पुस्तकात होती. आम्ही तिथवर कधी गेलोच नव्हतो, म्हणून एक वचन हातात घेऊन कुणीही आम्हाला कुठेही नेऊ शकत होता.

कॅलेंडरवरच्या वचनांचंही तेच. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे आमच्या बंदरात दोन ट्रॉलरच्या केबिनवर रंगवलंय. त्याच्या आधीचं वचन वाचा. पौल तुरुंगात आहे आणि म्हणतो, तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही मी शिकलोय. मोठी मासळी मिळवायचं सामर्थ्य तिथे नाही. रिकाम्या जाळ्याने परत आल्यावर टिकून राहायचं आहे. मला विचाराल तर खलाशाला दुसराच अर्थ जास्त कामाचा.

हे शिकणं परदेशी पाळकांनी वरून लादलं, असंही काहींना वाटतं. कोकणपट्टीचा इतिहास थोडा वेगळं सांगतो. १६१६ साली गोव्यात छापलेलं फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' घ्या, बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारं. त्यात सुरुवातीलाच गोव्यातल्या साष्टीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक जण उठून पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? मागणी खालून आलेली. पुढे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. आधी वाचायला शिकवायचं, मग वाचून माणूस काय ठरवायचं ते ठरवील, असा तो हिशेब. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक यांच्या हातात तर रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी माणसाने नवा करार ठेवला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना शेवटची कितीतरी वर्षं घालवली ती एवढ्यासाठी, की कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं.

तुमची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. पुष्कळ ठिकाणी अभ्यास खरंच शाळा झालाय. सुवर्णवचन पाठ करा, ६६ पुस्तकांची नावं क्रमाने म्हणा, बक्षीस म्हणून कंपासपेटी घ्या. मीही पहिली दहा वर्षं हेच केलं. ती मुलं आज मोठी झालीत, नावं अजून धडाधड म्हणतात, आणि हबक्कूक संदेष्टा देवाशी कशाबद्दल भांडतो ते एकालाही माहीत नाही. त्यात दोष त्यांचा नाही, माझा आहे.

म्हणून सुचवतो, मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६च अध्याय आहेत, दोन-तीन बैठकांत सलग वाचून होतात. बुधवारी जो शास्त्रपाठ असेल त्याच्या आधीचं आणि नंतरचं अर्धं पान घरूनच वाचून जा. जुन्या भाषांतराची मराठी जड गेली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मिळवा. ते कॅथलिक आहे, म्हणून त्यात ७३ पुस्तकं दिसतील. बायकोचं घर प्रोटेस्टंट असेल तर जास्तीची पाहून दचकू नका. टिपा चांगल्या आहेत, मी स्वतः वापरतो.

आणि न कळलेलं तिथल्या तिथे विचारा. प्रेषितांच्या कृत्यांतल्या कूशी (म्हणजे इथिओपियाच्या) षंढाला फिलिप्प या शिष्याने रथाजवळ जाऊन "वाचता ते समजतं का?" असं विचारलं, तेव्हा तो चांगला अधिकारी माणूस असून सरळ म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? तुमचे पाळक प्रश्नाला कपाळावर आठ्या घालत असतील तर दुसरा गट शोधा, त्यात काही पाप नाही.

मावशींना आता मोतीबिंदूमुळे अजिबात दिसत नाही. नात वाचते, त्या ऐकतात. परवा मी योनाचा पहिला अध्याय घेतला आणि वादळापाशी थांबलो, तर म्हणाल्या, "त्या खलाश्यांचा काय झाला ता सोडलंस. परत वाच."